महाभक्षक पेशी, प्रतिकारसहिष्णुता आणि कापसाची धूळ

महाभक्षक पेशी (मॅक्रोफेज) जंतू, परके कण आणि शरीरातल्याच मेलेल्या पेशी गिळून पचवतात. एली मेच्निकॉव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या अळीत ही भक्षणक्रिया पाहिली. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पाउल एर्लिख यांच्यासह मिळाले.

शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. महाभक्षक पेशी त्या गिळतातच, शिवाय टीजीएफ-बीटा व इंटरल्यूकिन-१० ही दाहशामक द्रव्ये सोडतात. त्यामुळे प्रतिकारसंस्था स्वतःच्या घटकांवर उठत नाही. या शांततेला प्रतिकारसहिष्णुता म्हणतात. ही सफाई रखडली की मृत पेशींतील डीएनए उघडा पडतो आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. सफाईला मदत करणारे सी१क्यू हे प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच नसते, त्यांच्यापैकी बहुतेकांना ल्यूपस हा स्वयंप्रतिकार आजार (प्रतिकारसंस्था स्वतःच्याच शरीरावर उठणे) होतो.

संधिवाताभ आजार (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) हाही असाच स्वयंप्रतिकार आजार. त्यात सांध्यांतल्या महाभक्षक पेशी टीएनएफ हे दाहक द्रव्य सोडतात. ते अडवणारी औषधे १९९० च्या दशकाअखेरीस आली. मात्र सांध्याच्या अस्तरातील काही महाभक्षक पेशी दाह रोखणारी भिंत उभी करतात, हे २०१९ मध्ये दिसले. म्हणून सरसकट त्यांना दोषी धरणे चूक ठरते.

फुप्फुसाच्या वायुकोशांतही अशाच पेशींचा पहारा असतो आणि श्वासातून येणाऱ्या धुळीशी त्यांची गाठ पडते. सोलापुरातील अक्कलकोट रोड एमआयडीसी टॉवेल आणि चादरींच्या यंत्रमागांसाठी ओळखली जाते, आणि सुताचे बारीक तंतू हा या धंद्याचाच भाग आहे. कापसाच्या धुळीत एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचे विषारी द्रव्य असते. ते महाभक्षक पेशींवरील टीएलआर-४ या ग्राहकाला चेतवते आणि दाह सुरू होतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही बिसिनोसिस या कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची जुनी खूण. पिंजण आणि सूतकताईत हा आजार विणकामापेक्षा जास्त आढळतो. तो स्वयंप्रतिकार आजार नव्हे.

तरी धूळ आणि सांधे यांचा संबंध जोडणारा पुरावा आहे. मलेशियातील स्त्रियांच्या अभ्यासात कापड-धुळीत काम केलेल्यांना संधिवाताभ आजाराचा धोका अडीच पटीहून अधिक आढळला. प्रतिकारसंस्थेशी संबंधित विशिष्ट एचएलए जनुके असणाऱ्यांत तो आणखी वाढला. फुप्फुसात प्रथिनांचे सिट्रुलिनीकरण (एक रासायनिक बदल) होते व त्या बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे आधी तिथेच बनतात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. कार्यकारण मात्र अजून सिद्ध झालेले नाही. एवढ्या पुराव्यावरही मागावरच्या कामगाराची सांधेदुखी केवळ कष्टाची मानून सोडणे योग्य नाही. श्रमाने दुखणारे सांधे विश्रांतीने सैल होतात. संधिवाताभ आजारात मात्र रात्रभराच्या विश्रांतीनंतरही सकाळी बोटे अर्ध्या-एक तासापेक्षा जास्त आखडलेली राहतात, आणि तेव्हा अशी प्रतिपिंडे शोधणारी अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी करून घ्यावी.