झोपेच्या गोळीबरोबरच्या सूचना कोठून आल्या?

‘मद्य घेऊ नये’, ‘वाहन चालवू नये’, ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी एकदम बंद करू नये.’ शामक औषध घेणाऱ्या रुग्णाला या तीन सूचना दिल्या जातात. त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे.

१९०३ साली जर्मनीत एमिल फिशर व योसेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटल हे झोप आणणारे औषध पुढे आणले. पाठोपाठ या कुळातील अनेक औषधे आली. त्यांचा एक दोष गंभीर होता. झोप आणणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांत अंतर थोडे असे. मद्यही मेंदूचे कार्य मंदावते. त्यामुळे दोन्ही एकत्र आली की हे अंतर आणखी घटे. पहिली सूचना अशा मृत्यूंनी शिकवली.

१९६० साली लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड बाजारात आले आणि १९६३ साली डायझेपाम. ही औषधे एकटी घेतल्यास श्वास थांबण्याचा धोका बराच कमी. सुरक्षित गोळी सापडली असे सर्वांना वाटले.

परंतु १९६१ सालीच अमेरिकेत लिओ हॉलिस्टर व सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. क्लोरडायझेपॉक्साइडच्या मोठ्या मात्रा काही महिने घेणाऱ्या ११ रुग्णांना अचानक औषधविरहित गोळ्या दिल्या. दहा जणांना अस्वस्थता, निद्रानाश असे त्रास झाले. दोघांना झटके आले, तेही सातव्या-आठव्या दिवशी!

इतका उशीर का? येथे किरणोत्साराच्या धड्यातील अर्धायुकाल उपयोगी पडतो. औषध शरीरातून एकदम जात नाही. डायझेपामचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण एक ते दोन दिवस लागतात. शिवाय यकृतात त्यापासून बनणारा पदार्थही परिणामकारक असतो आणि तो अधिक काळ टिकतो.

वर्गात हिशेब करून पाहा. अर्धायुकाल २४ तास धरा व रोज एक गोळी. गोळी घेतल्यावर शरीरातील साठा पहिल्या दिवशी १, दुसऱ्या दिवशी १.५, तिसऱ्या दिवशी १.७५, असा वाढत दोनच्या जवळ जातो. रात्रीची गोळी सकाळी संपलेली नसते, ती अशी. वाहनाविषयीची सूचना यातूनच उमगते. मेंदू या साठ्याला सरावतो, म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते.

हॉलिस्टर यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. तरीही डायझेपाम पुढे अनेक वर्षे अमेरिकेत सर्वाधिक लिहून दिले जाणारे औषध होते. प्रयोगातील मात्रा नेहमीच्या कित्येक पट होत्या. ‘आपल्या रुग्णांना हे लागू नाही’ असे मानणे सोपे होते. पण नेहमीच्या मात्रेनेही सवय लागते, हे पुढे दिसून आले. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने ही औषधे दोन ते चार आठवडेच द्यावीत असा सल्ला दिला, तो १९८८ साली. म्हणजे प्रयोगानंतर २७ वर्षांनी.

ज्ञान मिळणे आणि ते रुग्णापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या काळाची किंमत गोळी घेणाऱ्यांनी मोजली. घरात कोणी अशी गोळी घेत असेल, तर या तीन सूचना त्यांना कारणांसह सांगण्याचे काम आपले विद्यार्थी करू शकतील.