गोरखचिंच : नाव आणि आगमन

ठाण्याच्या खोपट भागातील एखाद्या बागेत कॅलिफोर्नियाचा महाकाय रेडवूड वाढवावा असे कोणाच्या मनात आले, तर हवामानच आडवे येईल. सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावर, सुमारे 1,400 ते 2,100 मीटर उंचीवर, वितळणाऱ्या बर्फाच्या ओलाव्यावर पोसणारा हा वृक्ष. ठाण्यास ना बर्फ, ना दीर्घ थंडी. इंग्लंडात मात्र तो रुजला, आणि त्याची हकीकत तपशीलवार नोंदली गेली. विल्यम लॉब याने 1853 मध्ये त्याचे बी आणले, व्हीच यांच्या रोपवाटिकेने रोपे विकली आणि जॉन लिंडली याने त्याच वर्षी वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाव त्यास बहाल केले. अमेरिकनांना ते रुचले नाही, हे सांगावयास नकोच.

उत्तर कोकणाने जोपासलेला परदेशी महावृक्ष निराळा. तो म्हणजे गोरखचिंच. वसईच्या किल्ल्याच्या परिसरात आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत तो आढळतो. उंचीपेक्षा खोडाचा घेर हेच त्याचे वैभव. हा वृक्ष मूळचा आफ्रिकेचा. परंतु त्याचे आगमन कोणा रोपवाटिकेच्या वहीत लिहिलेले नाही. ते नावांतून आणि बीजांतून शोधावे लागते.

तो पोर्तुगीजांनी आणला असे सर्रास सांगितले जाते. वसई 1739 पर्यंत आणि ठाणे 1737 पर्यंत त्यांच्या अमलाखाली होते, मोझांबिकचा किनाराही त्यांच्याकडे होता. तेव्हा तर्क सोयीचा आहे. तथापि उत्तर प्रदेशातील किंतूर व झूंसी येथील वृक्षांचे वय किरणोत्सर्गी कार्बनाच्या पद्धतीने सुमारे पावणेआठशे ते आठशे वर्षे ठरते, आणि वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो 1498 मध्ये. शिवाय 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानुसार हा वृक्ष भारतात एकदा नव्हे, आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून अनेकदा आला. व्यापारी, खलाशी, गुलाम आणि सैनिक म्हणून येथे आलेल्या आफ्रिकी लोकांच्या स्थलांतराशी हे चित्र जुळते. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी ज्या इतिहासाचे ठळक मानकरी, त्याच इतिहासात अनामिकांच्या गाठोड्यांतून हे बीही आले असावे. पोर्तुगीजांनी काही झाडे लावली नसतील असे नव्हे. आद्यत्वाचा मान मात्र त्यांना देता येत नाही.

नावांची साक्ष अधिक रोचक, पण अधिक फसवी आहे. युरोपात ‘बाओबाब’ हा शब्द प्रॉस्पेरो आल्पिनी याच्या 1592 च्या ग्रंथातून रूढ झाला; त्याचे मूळ अरबीत शोधले जाते. लिनीयसने सेनेगलमध्ये राहिलेल्या मिशेल आदांसाँ याच्या गौरवार्थ शास्त्रीय नाव ठेवले. खुद्द आदांसाँ मात्र ‘बाओबाब’ हेच वापरीत राहिला. मराठीने न अरबी शब्द घेतला, न पोर्तुगीज. तिने फळाचा आंबट गर चाखला आणि ‘चिंच’ म्हटले. गोरक्षनाथांनी या झाडाखाली शिष्यांस उपदेश केल्याच्या आख्यायिकेने उरलेले पद पुरविले. किंतूरला तर तोच वृक्ष ‘पारिजात’ होऊन महाभारतकथेत जाऊन बसला. अशा नावावरून झाडाचा काळ काढणे धोक्याचे आहे. गोरक्षनाथांचा काळ हा झाडाचा काळ नव्हे. लोकांनी झाड आपले मानले, एवढेच नाव सांगते. गंमत अशी की, ज्या चिंचेवरून त्यास ‘चिंच’ म्हटले तीही वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते मूळची आफ्रिकेचीच. आणि अरबांनी तिला नाव दिले ते ‘हिंदी खजूर’ असे!

वृक्षाचे वय घेरावरून सांगण्याची रीत येथे चालत नाही, कारण खोड बहुधा अनेक बुंध्यांचे जुळून बनलेले असते. म्हणून प्रत्येक उभे झाड तपासणीस हवे. सांताक्रूझ येथील एक जुनी गोरखचिंच 2023 मध्ये मेट्रोच्या कामासाठी तोडली गेली. या वृक्षाचे लाकूड मऊ आणि पाण्याने भरलेले असते. पडल्यावर ते फार काळ टिकत नाही, तंतूंचा ढीग तेवढा उरतो.