खाकी : धुळीचा रंग, सत्तेचे नाव

मराठीत मळकट छटांची नावे बहुधा वस्तूंवरून आली आहेत. राखेवरून राखाडी, मातीवरून मातकट, नाकात ओढायच्या तपकिरीवरून तपकिरी. 'खाकी'ची घडणही तशीच. फक्त मूळची वस्तू आपल्याकडे येताना बदलली. फारसीत 'खाक' म्हणजे धूळ, माती. मराठीत मात्र 'जळून खाक झाले' म्हणताना राख डोळ्यांपुढे येते. माती आणि राख यांच्यामधली ही छटा म्हणूनच नेमकी पकडता येत नाही. पोलिसाच्या गणवेशाची खाकी पिवळसर, वह्या-पुस्तकांना घालायच्या कागदाची तपकिरी, शब्द एकच.

या शब्दाला गणवेशाचा अर्थ चिकटला तो एकोणिसाव्या शतकात. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्सडेन याने 'कोअर ऑफ गाइड्स' हे पथक उभारले आणि त्याला धुळीच्या रंगाचे कपडे दिले. १८५७ च्या उठावात अनेक गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे हाती लागेल त्या रंगात बुडवून मळकट केले. हेतू हा की, सैनिक जमिनीत मिसळून जावा, दिसू नये. पुढे हाच रंग पोलीस, पोस्टमन, एसटीचे चालक-वाहक यांच्या अंगावर आला, तो मात्र ते दुरून ओळखू यावेत म्हणून. लपण्याचा रंग ओळखीचा झाला.

वृत्तपत्री मराठीत आज 'खाकी' म्हणजे पोलीस. 'खाकीचा धाक', 'खाकीला डाग' हे प्रयोग लक्षणेचे सरळ नमुने आहेत. 'करडी नजर' म्हणताना कठोरपणा 'करडा' या शब्दातच असतो. खाकीतला धाक अंगावर घालणाऱ्याकडून आला आहे. पण ही लक्षणा बाकीच्या खाकीधाऱ्यांना अर्थातून वगळते.

कल्याणजवळच्या मोहने गावी आंबिवली वा शहाड स्थानकावरून रिक्षाने जाता येते. परवानाधारक रिक्षाचालकाने पांढरा गणवेश घालावा आणि दुसऱ्याची रिक्षा चालवणाऱ्याने खाकी, असा संकेत महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ होता. त्या रांगेत खाकीचा अर्थ सत्ता नव्हता. रिक्षा आपल्या मालकीची नाही, एवढाच होता. कोशात 'खाकी'पुढे पोलीस नोंदवताना हा दुसरा अर्थही नोंदवायला हवा. धुळीशी इमान राखले आहे ते त्यानेच.