‘ल्यूसी’ टिकली, इतर पुसले गेले

दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळातील कार्यक्रम आज पाहायचे म्हटले, तर एक विचित्र विसंगती जाणवते. १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘आय लव्ह ल्यूसी’ या विनोदी मालिकेचे सर्वच्या सर्व १८० भाग स्वच्छ, ठसठशीत स्वरूपात उपलब्ध आहेत. त्याच काळात गाजलेल्या इतर अनेक कार्यक्रमांची मात्र नावेच उरली आहेत. हा फरक गुणवत्तेचा नाही. कार्यक्रम कशावर नोंदवला गेला आणि त्या नोंदीचा मालक कोण होता, यावर त्याचे आयुष्य ठरले.

हवेत विरणारे कार्यक्रम

त्या काळी बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. नाटकाचा प्रयोग संपावा, तसा कार्यक्रम प्रक्षेपणाबरोबरच संपत असे. नोंद ठेवायचीच असेल, तर पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून त्यावरील दृश्य टिपले जाई. या पद्धतीला ‘किनेस्कोप’ म्हणत. न्यूयॉर्कमध्ये सादर झालेला कार्यक्रम पश्चिम किनाऱ्यावरील प्रेक्षकांना बहुधा अशाच नोंदीवरून दिसे. ती प्रतिमा धूसर असे आणि एकदा दाखवून झाल्यावर तिचे मोलही संपे.

एका दांपत्याचा हट्ट

ल्यूसिल बॉल आणि तिचे पती देसी अर्नाझ यांनी मालिका हॉलिवूडमध्येच करण्याचा आग्रह धरला. कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट व्हावा, अशी प्रायोजकांची अपेक्षा होती. पूर्वेकडील प्रेक्षकांच्या वाट्याला धूसर किनेस्कोप येणे त्यांना मान्य नव्हते. तेव्हा अर्नाझ यांनी वेगळा मार्ग सुचवला. मालिका ३५ मिलिमीटरच्या चित्रपटफितीवर, प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी चित्रित करायची. यात खर्च वाढत होता. दांपत्याने मानधनात कपात स्वीकारली आणि त्या बदल्यात भागांची मालकी त्यांच्या ‘देसिलू’ या कंपनीकडे ठेवून घेतली. एकदा दाखवून झालेल्या भागाला पुढे काही किंमत येईल, असे त्या वेळी फारसे कोणाला वाटत नव्हते.

तीन कॅमेरे एकाच वेळी चालणार, म्हणजे प्रकाशयोजना तिन्ही कोनांना पुरेल अशी हवी. ही जबाबदारी कार्ल फ्रॉइंड यांनी उचलली. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या जर्मन मूकपटाच्या छायाचित्रणात त्यांचा वाटा होता. कॅमेरे मोकळेपणाने सरकावेत, म्हणून त्यांनी बहुतेक दिवे वर टांगले. प्रेक्षकांचे खरे हसू आणि चित्रपटासारखी स्वच्छ प्रतिमा यांचा मेळ साधला गेला. पुढे विनोदी मालिकांसाठी हीच पद्धत रूढ झाली.

स्मरणात राहिलेले तीन भाग

५ मे १९५२ रोजी प्रक्षेपित झालेल्या भागात ल्यूसी एका शक्तिवर्धक औषधाची जाहिरात करते. तालमीच्या प्रत्येक फेरीत तिला ते एक चमचा घ्यावे लागते. औषधात मद्यार्क असतो, हे तिला ठाऊक नसते. फेरीगणिक तिची जीभ अडखळू लागते आणि औषधाचे आधीच अवघड असलेले नाव तिला उच्चारवेनासे होते.

१५ सप्टेंबर १९५२च्या ‘जॉब स्विचिंग’मध्ये नवरे घर सांभाळतात आणि बायका नोकरीला जातात. चॉकलेटच्या कारखान्यात ल्यूसी आणि तिची मैत्रीण एथेल (व्हिव्हियन व्हान्स) सरकत्या पट्ट्यावरून येणारी चॉकलेटे कागदात गुंडाळू लागतात. पट्ट्याचा वेग वाढतो आणि दोघी चॉकलेटे तोंडात, टोपीत, कपड्यांत कोंबत सुटतात. संवाद जवळजवळ नाहीतच. मूकपटाच्या जातीचा हा विनोद आजही भाषेवाचून कळतो.

तिसरा भाग १९ जानेवारी १९५३चा. ल्यूसिल बॉल खरोखरच गरोदर होती आणि ते कथेतही आणण्याचे ठरले. मात्र वाहिनीने ‘गरोदर’ हा शब्द उच्चारू दिला नाही. संहिता धर्मगुरूंच्या नजरेखालून घालण्यात आल्या. ज्या दिवशी पडद्यावरील ल्यूसी रुग्णालयात गेली, त्याच दिवशी ल्यूसिलने मुलाला जन्म दिला. हा भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी झालेल्या आयसेनहॉवर यांच्या शपथविधीला त्याहून कमी प्रेक्षक लाभले.

बॉल यांच्या विश्रांतीच्या काळात जुने भाग पुन्हा दाखवण्यात आले. फिती जपलेल्या होत्या, म्हणूनच ते शक्य झाले. पुनःप्रक्षेपणाला पैसे मिळू शकतात, हे उद्योगाला उमगले. १९५७ साली सीबीएस वाहिनीने लाखो डॉलर मोजून हे भाग विकत घेतले.

पुसलेला इतिहास

१९५६मध्ये अॅम्पेक्स कंपनीची चुंबकीय व्हिडिओ टेप आली. टिकवण्याची सोय झाली, तशी पुसण्याचीही झाली. टेप महाग असल्याने जुना कार्यक्रम पुसून त्यावर नवा नोंदवणे हिशेबाला परवडे. जॉनी कार्सन यांच्या ‘टुनाइट शो’ची १९६२पासूनची पहिली दहा वर्षे बहुतांश अशीच नाहीशी झाली. १९५६मध्ये बंद पडलेल्या ड्यूमाँट वाहिनीचे भांडार पुढे न्यूयॉर्कच्या खाडीत फेकले गेले, अशी साक्ष अभिनेत्री इडी अॅडम्स यांनी १९९६ साली दिली.

ब्रिटनमध्येही वेगळे घडले नाही. बीबीसीच्या ‘द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट’ (१९५३) या सहा भागांच्या मालिकेचे पहिले दोनच भाग उरले आहेत. ‘डॉक्टर हू’चे १९६०च्या दशकातील अनेक भाग पुसण्यात आले. त्यातले काही परत मिळाले, ते परदेशी केंद्रांना विकलेल्या १६ मिलिमीटरच्या प्रतींमुळे. २०१३ साली नायजेरियातील जोस शहरात सापडलेले नऊ भाग असेच जाहीर झाले. घरच्यांनी टाकून दिलेले परक्यांच्या कपाटात सुखरूप राहिले.

मुंबईतील आठवण

महाराष्ट्राला ही कथा परकी वाटू नये. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. येथेही टेप पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती आणि कृष्णधवल काळातील बरेच कार्यक्रम त्यात गेले. चि. वि. जोशी यांच्या कथांवरील मालिकेत दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ त्या पिढीच्या तोंडी आजही आहेत. पण आठवणीतून सांगता येते ते पुढच्या पिढीला दाखवता येत नाही.

टेप पुसणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या लेखी ते कालचे वर्तमानपत्र होते. देसिलूचा निर्णयही इतिहास जपण्यासाठी घेतलेला नव्हता, तो व्यवहाराचाच होता. फरक एवढाच, की त्या व्यवहारात फिती जपण्यात मालकाचे हित होते. म्हणून सत्तर वर्षांनंतरही तो सरकता पट्टा चालूच आहे आणि ल्यूसीची तारांबळ अजून संपलेली नाही.