जाबा नदी व एम्प्रेस ऑगस्टा उपसागराचे प्रदूषण

पापुआ न्यू गिनीच्या बूगनव्हिल बेटावरील पांगुना या तांबे-सोन्याच्या उघड्या खाणीतील गाळामुळे झालेले नदीचे व किनारी पाण्याचे प्रदूषण. ही खाण रिओ टिंटो समूहातील ‘बूगनव्हिल कॉपर लिमिटेड’ या कंपनीने 1972 ते 1989 या काळात चालवली.

स्वरूप : येथील शंभर किलो धातुकात तांबे किलोभरही नसे. खडक दळून तांबे वेगळे केल्यावर उरलेला जवळजवळ सगळा चुरा पाण्यासह कवेरोंग-जाबा या नद्यांत सोडला जाई. तांब्याचा अर्क नळातून पूर्व किनाऱ्यावरील लोलोहो बंदराकडे, तर गाळ पश्चिमेच्या उपसागराकडे जाई. असा एक अब्ज टनांहून अधिक टाकाऊ माल नद्यांत गेला. पात्रे उथळ झाली, काठची शेते व जंगल गाडले गेले, मासे नाहीसे झाले आणि नदीमुखापाशी गाळाची नवी जमीन समुद्रात सरकली. गंधकयुक्त खडकातून अजूनही आम्लयुक्त, तांबेमिश्रित पाणी झिरपते.

हक्कांचा प्रश्न : बेटावरील बहुतेक समाजांत जमिनीचा वारसा आईकडून लेकीकडे जातो. तेव्हा येथे असलेल्या ऑस्ट्रेलियन प्रशासनाच्या कायद्याने मात्र भूगर्भातील खनिजे सरकारची ठरवली. 1969 मध्ये बंदरासाठी जमीन घेताना रोरोव्हाना गावच्या स्त्रियांनी मोजणीच्या खुंट्या उपटल्या. पोलिसांनी अश्रुधूर व लाठ्या वापरल्या. भरपाई व प्रदूषणाच्या तक्रारी तुंबत गेल्या. 1988 च्या अखेरीस स्थानिक जमीनमालकांचे पुढारी फ्रान्सिस ओना यांच्या नेतृत्वाखाली खाणीचे विजेचे मनोरे उडवण्यात आले आणि मे 1989 मध्ये खाण बंद पडली. पुढील यादवीत 10 ते 20 हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. 2001 मध्ये शांतता करार झाला.

उत्तरदायित्व : 2016 मध्ये रिओ टिंटोने आपला हिस्सा सोडला; खाण चालू असतानाचे नियम पाळले होते, अशी तिची भूमिका होती. 2020 मध्ये 156 रहिवाशांनी ऑस्ट्रेलियातील शासकीय तक्रार यंत्रणेकडे दाद मागितली. त्यातून 2021 मध्ये कंपनीने स्वतंत्र पाहणीस संमती दिली. डिसेंबर 2024 च्या अहवालाने ढासळती बांधकामे, पूर व वाहता गाळ यांपासून रहिवाशांच्या जिवाला धोका असल्याचे नोंदवले. खाण बंद होऊन तीन दशके उलटली होती, तरी तोवर गाळाची पद्धतशीर सफाई झालेली नव्हती.