बिठूरचा दरबार

दुसऱ्या बाजीरावाचा विषय निघाला, कीं आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ दोन वाक्यांत मोकळे होतात : यानें राज्य बुडविलें, आणि पुढें गंगेकांठीं सुखानें आयुष्य काढलें. पहिल्या वाक्याविषयीं माझा वाद नाहीं. दुसरें मात्र मला नेहमींच घाईचें वाटत आलें आहे.

३ जून १८१८ रोजीं असीरगडच्या बाजूस बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. पेशवाईवरील सारे हक्क त्यानें सोडले, दक्षिणेंत पुन्हा पाऊल न टाकण्याचें मान्य केलें, आणि मोबदला म्हणून वर्षास आठ लक्षांहून कमी नाहीं इतका तनखा ठरला. गव्हर्नर-जनरलास ही रक्कम भारी वाटली. बाजीराव तेव्हां त्रेचाळीस वर्षांचा होता. कानपुराजवळच्या बिठुरास तो पुढें सुमारें तेहतीस वर्षें जगला, हें कंपनीच्या हिशेबांत बसणारें नव्हतें.

पैसा होता, गेली होती ती सत्ता. ज्याच्या शब्दावर जहागिरी राहत वा जात, त्याच्यावर आतां कंपनीच्या एका कमिशनरची नजर होती. त्याच्यामागून दक्षिणेंतील कितीतरी कुटुंबें तेथें जाऊन राहिलीं. वाडा, दानधर्म, व्रतें, मानपान हें सारें त्यानें चालू ठेवलें. त्याच्या लहानशा जहागिरीस कंपनीच्या न्यायालयांच्या अधिकारांतून त्याच्या हयातीपुरती सूट होती. तेवढ्या आवारांत तो अजून कोणीतरी होता.

या आयुष्यांतील एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. अफगाण युद्धानें कंपनीची तिजोरी रिकामी केली, तेव्हां या पदच्युत पेशव्यानें तिला पांच लक्ष रुपये कर्जाऊ देऊं केले; आणि पंजाबांतून स्वारीचें भय उभें राहिलें, तेव्हां हजार घोडेस्वार व हजार पायदळ स्वखर्चानें उभारून देण्याची तयारी दाखविली. आमचे इतिहासकार याला लाचारी म्हणतात, आणि तिचा अंश त्यांत आहेच. पण आश्रित मनुष्य धन्याला कर्ज देऊं करीत नाहीं. सावकार होण्यांत, फौजेची भाषा बोलण्यांत, बाजीरावास घटकाभर तरी राज्यकर्त्याच्या जागीं बसल्याचें समाधान मिळत असावें, असा माझा तर्क आहे. (खडकीच्या लढाईच्या दिवशीं हेंच पाणी दिसतें, तर बरें झालें असतें, असो.)

२८ जानेवारी १८५१ रोजीं तो वारला. दत्तक पुत्र नानासाहेबानें तनखा पुढें चालविण्याची मागणी केली. लॉर्ड डलहौसीनें उत्तर दिलें तें हिशेबनिसाचें : पेशव्यास अडीच कोटींहून अधिक मिळाले, त्याच्यावर कसलाही भार नव्हता, आणि अठ्ठावीस लक्षांची मालमत्ता तो कुटुंबास ठेवून गेला. यांतील आंकड्यांशीं मला भांडावयाचें नाहीं. ‘भार नव्हता’ हे शब्द मात्र १८१८ च्या कराराशींच जुळत नाहींत. कारण बाजीरावाच्या पायीं बुडालेल्या सरदारांचा आणि त्याच्या घराण्यानें पोसलेल्या ब्राह्मणांचा विचार केला जाईल, असें माल्कमनें त्यांतच मान्य केलें होतें. वाड्याच्या दारीं रोज उभीं राहणारीं माणसें कलकत्त्याच्या कागदांत कोठें दिसणार?

तनखा बंद झाला, न्यायालयांची सूटही गेली. १८५३ मध्यें नानासाहेबानें अजीमुल्लाखानास दाद मागण्यासाठीं लंडनला पाठविलें. तो रिकाम्या हातीं परतला. जुलै १८५७ मध्यें इंग्रजी फौज बिठुरांत शिरली, तेव्हां नानासाहेब निघून गेला होता. फौजेनें वाडा जाळला.