छर्ऱ्याच्या बंदुकीचा पूर्वपक्ष

कोकणात काजूला बोंडे धरू लागली आणि आंब्याचा मोहोर कणीवर आला की एक सल्ला हमखास कानावर येतो. ‘परवान्याच्या बंदुकीच्या नादी लागू नका. छर्ऱ्याची घ्या. परवाना नको, कचेरीचे खेटे नकोत. पडवीत टांगून ठेवायची. वानर, शेकरू, कावळा, उंदीर, सगळ्यांचा बंदोबस्त.’ पुढे गप्पा लगेच कोणती घ्यावी यावर घसरतात: स्प्रिंगची की हवा भरायची, स्वस्तातली की दुर्बीणवाली. माझे म्हणणे असे की घसरण्याआधीच थांबायला हवे होते. परसातल्या उपद्रवासाठी या बंदुकीला करण्याजोगे कामच उरत नाही. मग किमतीची घासाघीस कशासाठी?

पूर्वपक्ष मात्र दुबळा नाही, तो नीट मांडला पाहिजे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची बंदूक बाळगणारे शेतकरी रत्नागिरी-सिंधुदुर्गात पुष्कळ आहेत. निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, इथले मतदान ७ मे रोजी झाले आणि निकाल ४ जूनला. म्हणजे काजूचा आणि हापूसचा हंगाम असा सगळा बंदुकीविना गेला. त्याच साली विधानसभा आली ती भातकापणीच्या सुमारास. ज्याने परवान्यासाठी वर्षानुवर्षे फेऱ्या मारल्या, त्याला ऐन गरजेच्या वेळी हात चोळत बसावे लागते. अशा माणसाला जमा न करावी लागणारी बंदूक सोयीची वाटली तर त्याला दोष देता येत नाही.

पण ‘परवाना नको’ हे अर्धेच वाक्य आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनी नळीचा व्यास ४.५ मिमीपर्यंत आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर हवेच्या बंदुकीला परवान्यातून सूट दिली. ही सूट बंदूक बाळगण्याची. ती कोणावर रोखायची हे दुसरा कायदा ठरवतो, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा, आणि तो हत्यार विचारतच नाही. बंदूक असो, बेचकी असो, फासा असो की विष, त्याच्या लेखी सगळी शिकारच. नुसता प्रयत्नसुद्धा शिकारीतच मोडतो.

‘कावळा-उंदरांना तर कायद्यानेच उपद्रवी म्हटलंय ना?’ म्हटले होते. कावळा, उंदीर आणि फळे खाणारी वटवाघळे पाचव्या अनुसूचीत होती. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. आता उपद्रवी कोण, कोणत्या भागात आणि किती काळासाठी, हे केंद्र सरकारने अधिसूचना काढून सांगायचे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत तर तेवढीही वाट नाही, आणि परसात धुडगूस घालणारे लाल तोंडाचे केलडे नेमके तिथेच जाऊन बसले आहे. केरळ सरकार त्याला तिथून खाली आणा म्हणून केंद्राकडे मागणी करत आहे ती याचसाठी. शहाळ्याला भोक पाडणारे शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी. मोर राष्ट्रीय पक्षी. सल्ला देणाऱ्याच्या यादीतली नावे अशी एकेक करून गळतात.

कायदा घटकाभर बाजूला ठेवू, कारण काहींना तो पटतच नाही. नुसते गणित करू. छर्रा डमरूच्या आकाराचा, वजन सुमारे अर्धा ग्रॅम. २० ज्यूलची मर्यादा पुरेपूर वापरली तर नळीतून सुटताना त्याचा वेग सेकंदाला २८० मीटरच्या आसपास. स्वस्त बंदुका याच्या बऱ्याच खाली असतात. शिवाय तो आकारच असा की हवा त्याला लवकर दमवते. हा छर्रा पंधरा-अठरा किलोंच्या वानराच्या नरावर मारला तर कातडीखाली, स्नायूत जाऊन बसतो. वानर दचकते, कळप शेजारच्या वाडीत उतरतो आणि उन्हे कलताना परत येतो. जखम चिघळली तर ते जनावर चार-आठ दिवसांनी कुठेतरी मरते. त्या मरणाचा आणि तुमच्या केळीच्या घडाचा संबंध कळपातल्या एकाही वानराला लागत नाही. डोळ्यात छर्रा गेला तर ते आंधळे होते. याला बंदोबस्त म्हणायला मी तयार नाही.

जाणकार म्हणतील, इंग्लंडमध्ये बिनपरवाना हवेच्या रायफलीची मर्यादा याहून कमी आहे, जेमतेम १६ ज्यूल, आणि तिथे तिनेच ससे मारतात. खरे आहे. पण ससा दीड-दोन किलोंचा. तो जमिनीवर बसलेला असतो, नेमबाज पंचवीस-तीस मीटरांच्या आत आलेला असतो आणि नेम डोक्यावर, दोन-तीन सेंटीमीटरच्या जागेवर धरलेला असतो. आपल्याकडच्या स्वस्त स्प्रिंगच्या बंदुकीत घोडा दाबला की दट्ट्या पुढे सुटताना बंदूक मागे येते, मग तो टोकाला आपटतो आणि ती पुढे जाते. हे दोन्ही हिसके छर्रा नळीत असतानाच बसतात. रोज सराव करणाऱ्याला ती आवरते. वर्षातून दोन महिने पडवीतून उतरवणाऱ्याला नाही.

‘मग पॉइंट टू टू घेऊ’ हा यावरचा ठरलेला उतारा. इशापूरच्या कारखान्याची रायफल आहेच, आणि अमेरिकेतल्या परसात हीच वापरतात असे व्हिडिओही आहेत. तिला परवाना लागतो हे आधी लक्षात घ्यावे. गोळी अडीच ग्रॅमच्या वर, ऊर्जा छर्ऱ्याच्या सात-आठ पट, आणि नळी वर धरून झाडली तर ती दीड किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते. ‘लहान’ हा शब्द नळीच्या तोंडापुरता. अमेरिकेतसुद्धा कित्येक शहरांच्या हद्दीत बंदूक झाडायला बंदी असते. व्हिडिओतली ती परसे बहुधा गावाबाहेरच्या शेतांची.

इथे एका गोष्टीचा कोणी विचारच करत नाही असे मला वाटते. नेम धरताना सावजामागे मातीचा बांध किंवा डोंगर हवा, हा बंदुकीचा पहिला धडा. वाडीतला उपद्रवी असतो कुठे? माडाच्या शेंड्यावर, फणसाच्या फांदीवर, कौलांच्या कण्यावर. म्हणजे बार आभाळात, आणि आभाळाखाली पलीकडचे खळे, तिथे वाळत घातलेली आमसुले, त्यांच्याजवळ बसलेले माणूस. खाली नेम धरावा तर चिऱ्याचा गडगा. त्यावर शिसे आपटले की कुठे उसळेल याचा भरवसा नाही.

बारा बोअरचा उपयोग होतो तो कशाने? मुख्यतः आवाजाने, आणि त्या आवाजामागे उभ्या असलेल्या माणसाने. पूर्वी वाडीला राखण असे. मुले मुंबईला गेली, घरात दोन म्हातारी माणसे उरली, आणि राखणदाराची जागा भरायला बंदूक मागवली जाऊ लागली. छर्ऱ्याच्या बंदुकीला तर आवाजही नाही. ‘शेजाऱ्यालासुद्धा कळत नाही’ असे विकणारा कौतुकाने सांगतो. वानरालासुद्धा कळत नाही, हे त्यात आलेच.

बंदूक हातात आणि कायदा बाजूने, अशी वेळ आली तरी काय होते हे हिमाचल प्रदेशात दिसले. तिथल्या माकडांना २०१६पासून ठरावीक भागांत उपद्रवी जाहीर केले होते. मारायची मुभा होती, तरी शेतकऱ्यांनी फारच थोडी मारली. हनुमानाच्या जातीवर बार टाकायला हात धजावत नाही. कोकणातला बागायतदार याला अपवाद असेल असे मी धरत नाही. उलट अरुणाचलात २०२१ साली पूर्व कामेंगमधल्या लुमडुंग गावापासून लोकांनी एअरगन सरकारकडे स्वाधीन करायला सुरुवात केली, कारण त्या ‘खेळण्यां’नी रानातली पाखरे संपत चालली होती.

उरला उंदीर. तो रात्री माडावर चढतो, कोवळी फळे पोखरतो आणि सकाळी खाली पोखरलेली बोंडे पडलेली सापडतात. त्याला अंधारात चाळीस फुटांवर टिपणारा नेमबाज मला भेटायचा आहे. त्याच्यासाठी माडाच्या बुंध्याला, जमिनीपासून दोनेक मीटर वर, हातभर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळून खिळे मारतात. पत्र्यावर नखे धरत नाहीत. अट एकच, शेजारच्या माडाच्या झावळ्या एकमेकींना भिडलेल्या नकोत, नाहीतर उंदीर वरच्या वर जातो. घराच्या कौलांवर टेकलेल्या फांद्याही उतरवाव्यात. उंदीर आणि केलडी दोघांची वाट त्याने मोडते.

वानरांवर असा स्वस्त उपाय नाही, आणि आहे म्हणणाऱ्याचे दुकान कोठे आहे ते आधी पाहावे. पाच-सहा वाड्यांनी मिळून हंगामापुरता एक राखणदार आणि दोन कुत्री ठेवली तर खर्च वाटला जातो, आणि कळप एका वाडीतून दुसऱ्या वाडीत ढकलण्याचा खेळही थांबतो. पिकाच्या नुकसानभरपाईच्या सरकारी यादीत माकड आहे. तेव्हा फोटो काढून, पंचनामा करवून वन खात्याकडे अर्ज टाकायला विसरू नये, रक्कम कितीही तुटपुंजी असो. रानडुकराची गोष्ट निराळी. त्याच्या पारधीची परवानगी रीतसर मागता येते, आणि ती मिळाली तरी तिथे साडेचार मिमीच्या छर्ऱ्याचे काही काम नाही.